एका विहिरीचा उन्हाळा

बाबांना बाजारात एका जागी बसवत नसे. डोणगावच्या आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या ओळीत आमची जागा ठरलेली होती. माय गोणपाट अंथरायची, वांग्यांचा ढीग रचायची, मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडायची आणि एकदा मांडी घालून बसली की दिवस कलेपर्यंत उठायची नाही. बाबा दहा मिनिटं टेकायचे आणि उठायचे. ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे, प्रत्येकाच्या ढिगाकडे बघायचे, परत यायचे, बसायचे, पुन्हा उठायचे.

"काय पाह्यता हो सारखे?" माय विचारायची.

"सगळ्याईचे वांगे आपल्यासारखेच हायेत."

"मंग चांगलं हाय ना."

बाबांना नेमकं तेच चांगलं वाटत नव्हतं. रात्रंदिवस मळ्यात राबायचं, बी निवडून घ्यायचं, एकेक कीड हातानं वेचायची, आणि बाजारात येऊन चाळीस ढिगांपैकी एक ढीग व्हायचं, हे त्यांना सोसत नसे. एकदा ते हट्टाला पेटले. ओळीत जो भाव चालला होता त्याच्यापेक्षा जरासा जास्त सांगितला. समोर एक मास्तरीणबाई वाकून वांगी निवडत होत्या. चार वांगी त्यांच्या हातातही होती. भाव ऐकला, वांगी परत ढिगावर ठेवली आणि एक पाऊल सरकून शेजारच्या ढिगापुढे वाकल्या. बोलल्या काही नाहीत. भांडल्या असत्या तरी बाबांना बरं वाटलं असतं.

तो शेजारचा ढीग मावशीचा होता. नात्यानं ती आमची कुणी नव्हती. मायच्या शेजारी बसायची म्हणून मावशी. नवरा लवकर गेलेला, दोन मुली, आणि आमच्याच शिवारात दुसऱ्याच्या मळ्याचा एक तुकडा बटाईनं केलेला. तिच्याकडे मिरची आणि सांबार असायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्या भागात तिला दुसरं नाव नाही. माय आणि ती एकमेकींच्या ढिगावर लक्ष ठेवायच्या, एकमेकींच्या गिऱ्हाइकाला मोड द्यायच्या, दुपारी भाकरी सोडली की एकीचा ठेचा दुसरीच्या भाकरीवर जायचा. भावाच्या बाबतीत मात्र दोघी शत्रू असायला हव्या होत्या. त्या तशा नव्हत्या, कारण भाव दोघींच्याही हातात नव्हता. सकाळी बाजार भरता भरता तो कुठून तरी यायचा आणि पावसासारखा सगळ्यांवर सारखा पडायचा.

हिवाळ्यात तर वाईट हाल. सगळ्यांच्या विहिरींना पाणी, सगळ्यांच्या वाफ्यांत मेथी. दुपारनंतर जुडीला कुणी हात लावेना. संध्याकाळी बायका उरलेली मेथी तिथंच टाकून टोपली झटकायच्या आणि बाजारतळावरच्या गाई ओळीनं खात यायच्या. माय सुद्धा टाकायची. बाबा त्या वेळी मान फिरवून बंडी जुंपायला लागायचे. एकदा परतीच्या वाटेवर म्हणाले, "आपन नाई गेलो बाजारात तं कोनाले मालूम तरी पडन का?"

माय म्हणाली, "मावशीले पडन."

बाबांनी बैलांना उगीच एक चाबूक ओढला.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याला कॉलेजात होते. आमच्या गावातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. आत्याकडे राहायचे, सुटीत मेहकरची मोटार धरून घरी यायचे. अर्थशास्त्र घेतलं ते काही आवडीनं नव्हे. नाव घालायला गेलो त्या दिवशी ज्या विषयांत जागा होत्या त्यांत तो एक होता, आणि बाबांना त्यातला 'अर्थ' हा शब्द आवडला.

पहिलं वर्षभर मला त्यात काही कळलं नाही. वर्गात बसून पाय हलवत राहायचे. खिडकीतून थंड वारा यायचा, बुलढाणा उंचावर, आणि मला सारखं वाटायचं की आपण चुकीच्या जागी बसलो आहोत. इथून उठून कुठं तरी जायला हवं, पण कुठं ते कळत नव्हतं. मग एके दिवशी प्राध्यापकांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. म्हणाले, "हा भाव. पूर्ण स्पर्धेत विक्रेते पुष्कळ, ग्राहक पुष्कळ, वस्तू सगळ्यांची एकसारखी, आणि बाजारात यायला-जायला कुणाला आडकाठी नाही. अशा ठिकाणी एकटा विक्रेता भाव ठरवू शकत नाही. तो फक्त स्वीकारतो. एक पैसा जास्त मागितला तर त्याचं सगळं गिऱ्हाईक जाईल." थोडं थांबून ते म्हणाले, "अर्थात ही कल्पना आहे. प्रत्यक्षात अशी स्पर्धा कुठं सापडत नाही."

मी कधी उभी राहिले ते मलाच कळलं नाही. "सर, डोणगावच्या बाजारात हाय."

वर्ग हसला. माझ्या 'हाय'ला हसला असेल किंवा डोणगावला. प्राध्यापक हसले नाहीत. ते पुण्याकडचे होते, बारीक अंगाचे, बोलताना खडू दोन बोटांत फिरवत राहायचे. म्हणाले, "सांगा." मी वांग्यांचं सांगितलं. मास्तरीणबाईंचं सांगितलं. कान तापले होते, पण थांबता येईना.

"उत्तम," ते म्हणाले. "तुमच्या वडिलांचं नुकसान झालं, पण समाजाचं भलं झालं. ग्राहकाला स्वस्तात स्वस्त माल मिळाला. म्हणून या स्थितीला आदर्श म्हणतात."

"पण सर, हिवाळ्यात मेथी गाईपुढं टाकावी लागते. ती कोणासाठी आदर्श?"

त्यांनी खडू फिरवणं थांबवलं. म्हणाले की काही विक्रेते मग मेथी लावणं सोडतील, माल कमी होईल आणि भाव सावरेल. "दीर्घकाळात," ते म्हणाले.

मी खाली बसले. दीर्घकाळ म्हणजे किती, आणि सोडणाऱ्यांनी मेथी सोडून काय लावायचं, हे विचारायचं राहून गेलं. पण त्या दिवसापासून मी वर्गात पाय हलवले नाहीत.

तिकडे घरी बाबांनी विहीर खोल करायला काढली होती. आमची विहीर इतरांसारखीच. चैत्र लागला की तळ दिसायचा आणि सगळ्या शिवाराची भाजी एकदमच संपायची. बाबांनी सुरुंग लावणारी माणसं आणली. एका सुरुंगानं काळा खडक, दुसऱ्यानं काळा खडक, तिसऱ्यानंही तेच. लोक वाटेनं जाताना थांबून बघायचे आणि हसू दाबत पुढं जायचे. माय म्हणायची, "राहू द्या आता. देवानं जेवढं देलं तेवढं देलं." बाबा दोर धरून स्वतः खाली उतरायचे, वर यायचे, कपडे झटकायचे, परत उतरायचे. शेवटी एका बाजूच्या कपारीतून झरा फुटला. तेलावर चालणारं इंजिन त्यांनी त्याच हंगामात आणलं. आमच्या शिवारातलं ते पहिलंच इंजिन.

त्या साली पाऊस लवकर गेला. पौषातच विहिरींचं पाणी खाली जायला लागलं. माघात मावशीच्या तुकड्यावरची विहीर आटली, फाल्गुनात शिवारातल्या जवळजवळ सगळ्या. आमच्या विहिरीत मात्र इंजिन रोज दोन-अडीच तास चालेल एवढं पाणी जमायचं. बाबांनी वांगी काढून टाकली आणि सगळ्या वाफ्यांत मायकडून सांबार पेरून घेतला. वर तुराट्यांचे मांडव घातले, म्हणजे ऊन थेट लागू नये. थोडंसं पाणी, चाळीस दिवसांत कापणीला येणारं पीक, आणि बाजारात दुसऱ्या कुणाकडे एक काडी नाही.

परीक्षा देऊन मी घरी आले तेव्हा उन्हाळा भरात होता. पहिल्याच बाजाराला गेले आणि ओळीकडे बघत राहिले. अर्धी ओळ रिकामी. कुणी वाळलेल्या मिरच्या घेऊन बसलेलं, कुणी कांदे. मावशीच्या जागेवर कुणीच नाही. आणि बाबा बसलेले होते. मांडी घालून, पाठ ताठ, हात गुडघ्यावर. समोर ओल्या गोणपाटाखाली सांबाराच्या जुड्या, भोवती बायकांचा घोळका. ते उठत नव्हते, इकडंतिकडं बघत नव्हते. आवाज सुद्धा खाली आला होता. घासाघीस करणाऱ्या बाईला ते फक्त मान हलवून नाही म्हणायचे. बाई चार पावलं जायची, रिकामी ओळ बघायची आणि परत यायची.

सांबार ही आमच्याकडे विकत घ्यायची वस्तूच नव्हती म्हणा. वांगी घेतली की वरून चार काड्या हातात टाकायच्या, अशी रीत. आता एक म्हातारी पदराच्या गाठीतलं नाणं काढून म्हणाली, "एवढ्याचा दे बापू. वरनावर टाकाले."

"जुडीच घ्या लागते, आजी."

"एवढी जुडी घेऊन मी काय करू? एकटीच तं हावो."

बाबांनी मान हलवली. मायनं जुडीतल्या काड्या उपसून म्हातारीच्या हातात ठेवल्या, पैसे घेतले नाहीत. बंडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "असं नोको करत जाऊ."

दोन-तीन दिवसांनी दुपारी मी मळ्यात जेवण घेऊन गेले. इंजिन धडधडत होतं. भाकरी खाता खाता बाबांनी विचारलं, "तुह्या पुस्तकात एकट्या दुकानदाराचं काई लेहलं हाय का?"

नुकताच तो धडा झाला होता. मक्तेदारी. मला इतका आनंद झाला! बाबा मला मुलगी म्हणून नव्हे, शिकलेलं माणूस म्हणून पहिल्यांदाच काही विचारत होते. पाटाच्या कडेच्या ओल्या मातीत मी काडीनं रेघा ओढल्या. सांगितलं की बाजारातला भाव चाळीसजणांसाठी आडवा असतो, पण एकट्यासाठी तो उतारावर असतो. माल जास्त आणला की भाव खाली घसरतो, कमी आणला की वर चढतो. चाळीसजणांना हे करता येत नाही, कारण एकानं कमी आणलं तर इतर एकोणचाळीस आणतातच. एकट्याला येतं.

बाबा भाकरी हातात धरून उकिडवे बसून बघत होते. माझ्या वर्गातल्या कुणालाही एवढ्या लवकर कळलं नव्हतं. "म्हंजे कमी आनलं का जास्त भेटते?"

"जास्त भेटते. पन एका हद्दीपर्यंत."

"हद्द कोठी हाय?"

मी काडीनं जागा दाखवली. त्यांनी त्या ठिपक्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग उठून इंजिनाकडे गेले.

पुढच्या बाजाराला बंडीत टोपल्या निम्म्याच होत्या. मला वाटलं, कापणीला आलेला तेवढाच असेल. दुपारच्या आत सगळा सांबार संपला आणि बाबा परतताना काहीतरी गुणगुणत होते. मायनं घरी येऊन टोपल्या उतरवल्या आणि ती मळ्यात गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी बघायला गेले. ती शेणखताच्या खड्ड्याशी उभी होती. तिच्या हातात हिरवागार सांबार होता, मुळांना माती लागलेला, आणि खड्ड्यात शेणाच्या थराखालून तसाच आणखी डोकावत होता. दोन वाफे उपटून पुरले होते.

"किडला होता का?" मी विचारलं.

मायनं काडी तोडून माझ्या नाकाशी धरली. घमघमाट आला. "यात कीड कोठी हाय, तूच पाह्य."

मला खड्ड्याकडे बघवेना. मी तिला सांगायला हवं होतं की हे मी शिकवलंय. मी घराकडे चालू लागले, अर्ध्या वाटेतून परत फिरले, पुन्हा घराकडे.

संध्याकाळी मावशी आली. पोटासाठी ती त्या दिवसांत सरकारी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. ओट्यावर टेकली आणि बाबांना म्हणाली, "भाऊ, मले थोडासा सांबार द्या. तुमच्याच भावानं घेतो. बाजारात वरून दोन पैशे भेटले तं भेटले. माह्या जाग्यावर बसतो तं खरं."

बाबा म्हणाले, "नाई जमत, बाई. माल एकाच जाग्यावरून गेला पाह्यजे. दोन जाग्यावरून गेला का भाव राह्यत नाई."

"अवो, खड्ड्यात घालून राह्यले तुमी तो सांबार. सगळ्या गावाले मालूम हाय."

"माहा सांबार, माहा खड्डा."

मावशी उठली. मायकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. ती अंगणाच्या बाहेर गेल्यावर माय म्हणाली, "फुकट नाई मांगत होती ते."

"फुकट देलं असतं तं चाललं असतं," बाबा म्हणाले. "इकाले देनं नाई चालत. ईचार पोरीले. पुस्तकात हाय."

माय माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला फक्त खरंच जाणून घ्यायचं होतं. "हाव का वं? असं हाय पुस्तकात?"

मी म्हणाले, "हाय. पण असंच करा, असं नाई लेहलं. करतात, एवढंच लेहलं."

"मंग करनाराच्या शेजारचीचं काय होते, थे लेहलं का?"

त्या आठवड्यात मला कुठंच चैन पडलं नाही. विहिरीवर जायचे, खाली बघायचे, परत यायचे. पुस्तक उघडायचे, तो धडा काढायचे, मिटायचे. मायचं मात्र काहीतरी ठरलं होतं. ती नेहमीसारखी कामं करत होती आणि एकाही गोष्टीवरून बाबांशी भांडत नव्हती, हेच मला नवीन होतं.

बाजाराच्या दिवशी उजाडताना ती मला हलवून म्हणाली, "चाल." मळ्यात मावशी आधीच येऊन कापायला बसली होती. तिघींनी मिळून वाफ्यांतला कापणीला आलेला सगळा सांबार कापला, जुड्या बांधल्या. बाबांनी आदल्या दिवशीच त्यांच्यापुरत्या जुड्या बांधून ओल्या पोत्यात ठेवल्या होत्या. त्यांना आम्ही हात लावला नाही. बंडीही घेतली नाही. तीन टोपल्या तिघींच्या डोक्यावर, आणि आम्ही पायी डोणगावला निघालो. टोपलीचं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. वाटेत एकदा मावशी म्हणाली, "भाऊ मारतीन तुले." माय म्हणाली, "आजवर नाई मारलं." एवढंच.

बाबा बंडी घेऊन आले तेव्हा बाजार भरला होता. माय तिच्या जागेवर होती, मावशी तिच्या. दोघींपुढं हिरवे ढीग. भाव त्यांनी मागच्या बाजाराच्या निम्म्याहून कमी लावला होता आणि ज्यांना जुडी नको त्यांना काड्यासुद्धा मिळत होत्या. आजवर न दिसलेल्या बायका त्या दिवशी दिसल्या. टोपलीभोवती एवढी झुंबड की मी उभी राहून पैसे घेत होते.

बाबांनी बंडी सोडली. आमच्याकडे येऊन उभे राहिले. मग समोरच्या बाजूला गोणपाट टाकलं आणि स्वतःच्या जुड्या मांडून बसले. त्यांच्याकडे दोन माणसं गेली, भाव ऐकला आणि आमच्याकडे आली. बाबा उठले. बसले. पुन्हा उठले आणि सरळ मायच्या समोर आले.

"माही बायको होऊन माह्याच इरोधात बसली तू?"

माय जुडी निवडत होती, ती निवडतच राहिली. "मी कोनाच्या इरोधात नाई बसली. मी माह्या जाग्यावर बसली. बारा वर्सांपासून अठीच बसतो."

"सांबार माहा हाय."

"पानी तुमी काढलं, हाव. पेरला कोनं? निंदला कोनं?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "घरी चाला, मंग बोलू. गिऱ्हाईक उभं हाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी आजही नाव देऊ शकत नाही. रेघा मी त्यांना शिकवल्या आणि टोपली मायची उचलली. मी कुणाची, असं ते विचारत असावेत. मी नजर खाली घातली आणि कुणाचे तरी पैसे मोजायला लागले, दोनदा मोजले, तरी चुकले.

त्यांनी आपल्या जुड्या तिथंच सोडल्या आणि बंडी जुंपून निघून गेले. संध्याकाळी मावशीनं त्या जुड्यांचा ढीग आमच्यात मिसळून विकला आणि त्याचे पैसे वेगळ्या फडक्यात बांधून मायच्या हातात दिले.

घरी मारझोड झाली नाही, भांडणही नाही. बाबांनी बाजाराला जाणं सोडलं. रोज इंजिन चालवायचे, पाणी द्यायचे, मांडव नीट करायचे. पण वाफ्यात काय पेरायचं आणि किती कापायचं ते मायवर. मायनं भाव त्या दिवसाएवढा खाली ठेवला नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या दिवसाच्या झुंबडीनंतर तिनं तो जरा वर नेला. मी विचारलं तर म्हणाली, "तेल लागते इंजिनाले. मावशीचे दोन घास निंगाले पाह्यजे. अन् संध्याकायी टोपली खाली झाली पाह्यजे. बस." एवढा हिशेब तिनं कुठल्या रेघेवर केला होता, देव जाणे. पुरला मात्र पुन्हा एकही वाफा नाही.

मी बुलढाण्याला परत गेले. त्या पावसाळ्यात पाणी चांगलं झालं. आणि आमचा उन्हाळा सगळ्या शिवारानं पाहिला होता. दिवाळीनंतर तीन विहिरींवर सुरुंग उडायला लागले. पुढच्या वर्षी मी घरी आले तर रस्त्यावरूनच इंजिनांचे आवाज ऐकू आले, एक इकडून, दोन तिकडून, एकमेकांत मिसळलेले. आमच्या विहिरीचा झरा निम्म्यावर आला होता. शेजाऱ्याची विहीर आमच्यापेक्षा खोल गेली होती. आणि डोणगावच्या ओळीत सहाजण सांबार घेऊन बसले होते. दुपारपर्यंत भाव पडला. वांग्यांवर पुन्हा चार काड्या फुकट पडायला लागल्या.

बाबा त्या दिवशी माझ्यासोबत म्हणून बाजारात आले होते. ओळीकडे बघत म्हणाले, "पुस्तकात हे पन लेहलं होतं का?"

"हाव."

"मंग तवा काऊन नाई सांगतलं?"

खरं सांगायचं तर मला ते माहीत होतं. एकट्याला नफा दिसला की दुसरे येतातच, आडकाठी नसेल तर. मी म्हणाले, "मले वाटलं, आपली हिर कोनाले गाठता येनार नाई एवढी खोल हाय."

ते हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. "मलेबी तसंच वाटलं होतं, बाई."

पण त्यांचं मन नंतर भाजीत लागलंच नाही. एका वर्षी त्यांनी लिंबाची झाडं लावली, फळ धरायच्या आतच काढून टाकली. मग ऊस घेतला, मग तोही सोडला. मेहकरला एका गिरणीत काही दिवस इंजिन सांभाळायला गेले आणि मालकाशी वाजलं म्हणून परत आले. जिथं आपल्यावाचून कुणाचं अडेल अशी जागा ते शेवटपर्यंत शोधत होते असं मला वाटतं. त्या एका उन्हाळ्यात ती त्यांना सापडली होती आणि त्यांच्याच घरच्या माणसांनी ती काढून घेतली. मी मायच्या बाजूनं टोपली उचलली याचा मला पश्चात्ताप नाही. पण बाबा मांडी घालून शांत बसलेले मी फक्त त्या दिवसांत पाहिले, हेही खरं, आणि हे दोन्ही माझ्यात अजून एका जागी बसत नाही.

मावशीच्या शेतमालकानं विहीर खोल केली आणि तिचा तुकडा पुन्हा पिकायला लागला. ती आणि माय पुढं कितीतरी वर्षं शेजारी बसल्या.

मी शिक्षण संपवून अर्थशास्त्रच शिकवायला लागले. नोकरी लागली त्या वर्षी माय माझ्याकडे राहायला आली होती. एका दुपारी मी घरी उत्तरपत्रिका तपासत होते आणि ती तांदूळ निवडत होती. मध्येच तिनं विचारलं, "भाव पाडनाऱ्याले तुमच्या पुस्तकात नाव असन ना काई?"

"स्पर्धक म्हनतात, माय."

"मी कोठी स्पर्धक होती? घरचीच तं होती."

मी पेन ठेवलं. मक्तेदाराच्या घरात बसून, त्याच्याच वाफ्यातला माल कापून, त्याचा भाव मोडणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते मला आठवेना. उठून पुस्तक काढलं, मागची शब्दसूची बघितली, दुसरं काढलं. माय म्हणाली, "राहू दे वं, मी असंच ईचारलं," आणि खडे वेगळे काढत राहिली. मी तिसरं पुस्तक उघडलं होतं.